नववी खिडकी

चंदीगड
९ नोव्हेंबर २०२५

चि. शशीस,

मायन्यातच अडलो. पूर्वी 'चि. सौ. शशिकला हिस अनेक आशीर्वाद' असं एका दमात लिहून मोकळा व्हायचो. आता 'सौ.' लिहिता येत नाही आणि 'श्रीमती' लिहायला हात धजत नाही. सख्ख्या बहिणीला श्रीमती म्हणणारा भाऊ बँकेचा मॅनेजर वाटतो. तेव्हा नुसतं शशी.

दिवाळीत जाईचा मेसेज आला होता. "मामा, आई आपकी चिट्ठियाँ खोलती नहीं. बिस्किट के डिब्बे में रख देती है." तीन वर्षं कुडाळात राहूनही पोरीची हिंदी सुटलेली नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगू, बरं वाटलं. निदान चुलीत घालत नाहीस. शिवाय न वाचणाऱ्याला लिहिणं सोपं असतं, खाडाखोड करावी लागत नाही.

एक विचारायचं आहे. आमच्या सबस्टेशनची इमारत आठवते ना, मुल्लानपूरच्या रस्त्यावरची, तू जिला तुरुंग म्हणायचीस? रस्त्याच्या अंगाला नऊ उंच खिडक्या. एकाहत्तरच्या लढाईत ब्लॅकआउटसाठी काचांना काळा रंग फासला म्हणतात, तो आजवर कुणी खरवडला नव्हता. आता वरून हुकूम आलाय की सरकारी इमारती देखण्या करा. त्यासाठी कश्मिरा नावाची एक मुलगी येते. मूळची नागपूरची, वडील एअरफोर्समध्ये होते, रिटायर होऊन इथेच राहिले. इथल्या कॉलेजात चित्रकला शिकवते. मराठी बोलते, पण दर चौथ्या शब्दाला 'यार'.

तिचं म्हणणं असं, की प्रत्येक खिडकीत आमच्या एकेका माणसाची सावली असावी, पुऱ्या मापाची. माणसाला पांढऱ्या चादरीमागे उभं करायचं, पाठीमागून दिवा लावायचा, चादरीवर पडेल ती आकृती गिरवून काळ्या पत्र्यात कापायची. पत्र्यामागे हळदीच्या रंगाची काच आणि तिच्यामागे दिवे. संध्याकाळी रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, आत माणसं कामाला लागलीत. मी म्हटलं, आत माणसं कामालाच असतात. ती म्हणाली, "हो सर, पण ते कुणाला माहितीये यार?"

आठ माणसं ठरली. नवव्या खिडकीला आमचा लाइनमन बलकार म्हणाला, "भाऊजी." मग एकेक जण मान हलवायला लागला.

तुला हसू यायचं पूर्वी, की पंजाब्यांची पोरं तुझ्या नवऱ्याला भाऊजी का म्हणतात. ती माझीच करणी. विश्राम ड्युटीवर पोरांसमोर मला सर म्हणायचा आणि मी त्याला भावोजी. वयाने लहान, हुद्द्याने लहान, पण धाकट्या बहिणीचा नवरा म्हटल्यावर मान त्याचा. पोरांनी तेच उचललं. तीन वर्षं झाली तरी नवा माणूस खांबावर चढायला कुरकुरला, की बलकार म्हणतो, भाऊजी असते तर तुझ्या आधी चढले असते.

तर नववी खिडकी विश्रामची करायची, असं सगळ्यांच्या मनात आहे. तुझी हरकत असेल तर जाईकरवी कळव. मी २८ फेब्रुवारीला रिटायर होतोय, त्याआधी हे व्हावं अशी माझी इच्छा आहे.

सोलं संपली. इथे चिंच घालून सार करतो, ते सार लागत नाही.

तुझा,
गुरुदादा


चंदीगड
७ डिसेंबर २०२५

चि. शशीस,

तुझं उत्तर नाही. होकार समजलो. उत्तर न देणाऱ्या माणसाचा हाच तोटा असतो, दुसरा आपल्याला हवं ते समजून घेतो.

खिडक्या झाल्या. पोरांनी महिनाभर ब्लेडने काचा खरवडल्या. पन्नास वर्षांचा काळा रंग कपच्या-कपच्यांनी खाली पडत होता आणि कंट्रोल रूममध्ये दुपारचं ऊन आलं. त्या खोलीत मी बारा वर्षं बसलो, तिची फरशी हिरवी आहे हे मला आत्ता कळलं.

पहिल्या खिडकीत फावडं घेतलेला माळी. दुसरीत वही लिहिणारा ऑपरेटर. तिसरीत बलकार, दोराचं वेटोळं खांद्यावर. बाकीचे तुझ्या ओळखीचे नाहीत. नववीत विश्राम. खांबावर चढलेला, कमरेला पट्टा, डोक्यावर हेल्मेट, एक हात खांबाला आणि दुसरा वर, पक्कड धरलेला. दिवे लावून चाचणी घेतली तेव्हा सेक्टर ३४ च्या क्लासहून परतणाऱ्या पोरांची बस थांबली. सगळी खिडक्यांतून डोकी काढून बघत होती.

सोबत फोटो पाठवतोय, नवव्या खिडकीचा. बलकारच्या मोबाइलमध्ये विश्रामचा कामावरचा एक जुना फोटो होता, त्याच्यावरून कश्मिराने आकृती काढली. चांगली जमलीय असं सगळे म्हणतात.

उद्घाटन २६ जानेवारीला. जाईला म्हणावं, ये. तिकीट मी काढतो. तूही आलीस तर, पण ते असो.

तुझा,
गुरुदादा


चंदीगड
२८ जानेवारी २०२६

शशी,

उद्घाटन झालं. फीत कापली, समोसे झाले, भाषणं झाली. संध्याकाळी सव्वासहाला बटण दाबलं आणि आठ खिडक्या उजळल्या.

नववी अंधारात राहिली. त्याच दिवशी दुपारी साहेबांचा हुकूम आला, की तिची जोडणी काढून टाका. कारण लेखी दिलंय. चौकशी अहवालानुसार मृत कर्मचाऱ्याने परमिट परत केल्यावर परवानगीशिवाय पुन्हा खांबावर चढून सुरक्षा नियमांचा भंग केला. असा माणूस सरकारी इमारतीच्या दर्शनी भागात आदर्श म्हणून दाखवता येणार नाही.

बलकार माझ्या तोंडाकडे बघत होता. म्हणाला, "सर, कुछ तो बोलो." मी बोललो काय, तर वायर काढताना आधी फ्यूज काढ. त्याला ते गेली पंधरा वर्षं माहीत आहे. त्याने वायर काढली आणि तो तडक घरी गेला.

दिव्याच्या खिडक्यांची रांग आणि शेवटची काळी. कुणालाही वाटेल, बल्ब गेला असेल. येणारे-जाणारे मला तेच सांगतात. काल एअरोसिटीचे कर्नल जोगळेकर भेटले, म्हणाले, "पेडणेकर, तुमच्याकडेच बल्ब मिळत नाही का?" आणि हसले. मीही हसलो.

आता एक कबूल करतो. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. बलकारकडे फोटो नव्हता. विश्रामचा उभा, पूर्ण असा फोटो कुणाकडेच नाही. इथल्या मराठी मंडळाच्या फोटोत तो नेहमी मागच्या रांगेत, जाईच्या वाढदिवसाला मांडी घालून बसलेला, आणि कामावर तर फोटो काढणारा तोच. मग बलकार म्हणाला, "सर की कद-काठी भाऊजी जैसी ही है." पोरांनी मला त्याचं हेल्मेट घातलं, पट्टा बांधला, शिडीवर चढवलं. कश्मिरा चादरीपलीकडून गिरवत होती.

म्हणजे त्या खिडकीत मी आहे. त्याच्या नावाने मी उभा आहे. नाही म्हणता आलं असतं, आलं नाही. सगळी पोरं इतक्या प्रेमाने पट्टा बांधत होती.

वंदना म्हणते, तुमचं जेवणात लक्ष नाही. मी म्हटलं, थंडी आहे.

गुरुदादा


चंदीगड
८ फेब्रुवारी २०२६

शशी,

वीस दिवस उरले. ती खिडकी लावायची तर अहवाल चुकीचा आहे असं कुणीतरी म्हणायला हवं. तसं म्हणू शकणारा माणूस जगात एकच आहे आणि तो हे पत्र लिहितोय. डब्यात जाणाऱ्या कागदाला सांगायला काय हरकत आहे? तेव्हा ऐक.

परमिट म्हणजे काय ते तुला विश्रामने सांगितलं असेलच. लाइनवर माणूस चढण्याआधी तो कंट्रोल रूममध्ये येतो. मी लाइन बंद करतो, स्विचला कुलूप घालतो, वहीत मी सही करतो, तो सही करतो. काम संपलं की त्याच माणसाने परत यायचं आणि त्याच ओळीत सही करून परमिट परत द्यायचं. दुसऱ्याने नाही, निरोपाने नाही, फोनवर तर नाहीच. सहा किलोमीटर असो, पाऊस असो, मोटारसायकल पंक्चर असो. त्याची सही पडेपर्यंत कुणीही, अगदी साहेबांनीही, स्विचला हात लावायचा नाही. माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येक पोराला मी हेच पहिल्या दिवशी घोकून घेतलंय.

दोन सप्टेंबर, बावीस साल. गणपतीचा तिसरा दिवस. मंडळाचा गणपती त्या वर्षी मुल्लानपूरच्या नव्या कॉलनीतल्या हॉलमध्ये होता आणि त्याच लाइनवरचं इन्सुलेटर तडकलं. सकाळी विश्राम सही करून गेला. जाताना म्हणाला, "चार वाजता खाली उतरतलंय, दादा. पाचाक गाऱ्हाणा घालूचा आसा." पुण्या-नागपूरच्या मंडळींना त्याने देवापुढच्या गाऱ्हाण्यात 'होय महाराजा' म्हणायला शिकवलं होतं, एअरफोर्सच्या बायका सकाळपासून तालीम करत होत्या. अकरा वर्षांत तो मला दिलेली वेळ एकदाही चुकला नव्हता. दुसऱ्या कुणाच्या वेळेवर मी घड्याळ लावलं नसतं. त्याच्या लावायचो.

चार वाजून सात मिनिटांनी मला एक फोन आला. कुणीतरी विचारलं, लाइट कधी येते. असे रोज शंभर येतात, तो महत्त्वाचा नाही. मी घड्याळ बघितलं. चार वाजून गेले होते, म्हणजे विश्राम उतरला असणार, मोटारसायकलवर असणार, पंधरा मिनिटांत येऊन सही करील. लोक खोळंबलेत, सही काय, नंतर घेऊ. घरचाच माणूस आहे. मी कुलूप काढलं आणि चार दहाला लाइन चालू केली.

तो वरच होता. बाकीची पोरं उतरली होती, चुकून लाइन लागली तर माणसाला वाचवणारी अर्थिंगची साखळी काढून झाली होती, एक शेवटची पिन आवळायला तो एकटा पुन्हा वर गेला होता. चूक त्याची काडीची नव्हती. परमिट त्याच्या नावावर होतं, त्याला वर राहायचा हक्क होता.

यापुढचं लिहायला मला चार दिवस लागले. बलकारचा फोन आल्यानंतर, साहेब पोचायच्या आधी, मी वही उघडली आणि विश्रामच्या ओळीत लिहिलं, '१५.३५, काम पूर्ण, परमिट फोनवर परत'. साडेतीनच्या सुमारास त्याचा मला एक फोन आला होता, तो मोबाइलमध्ये दिसत होता. त्या फोनला मी परमिटचा फोन ठरवलं. तो खरं काय बोलला होता ते पुन्हा केव्हातरी. चौकशीत मला फोनवर परमिट घेतल्याबद्दल ताकीद मिळाली आणि त्याच्या नावावर चूक चढली. गावात लोक तुला काय काय विचारतात, प्यायला होता का म्हणतात, हे मला जाईने सांगितलंय.

तू माझ्याशी त्या दिवसापासून एक शब्द बोलली नाहीस. मला वाटतं, तुला तेव्हाच कळलं असणार.

गुरु


चंदीगड
१ मार्च २०२६

शशी,

लिहून दिलं. काल, शेवटच्या दिवशी, हार घालायच्या आधी. एक पान. विश्राम याने परमिट परत केलेलं नव्हतं, वहीतली नोंद मी अपघातानंतर केली, लाइन मी माझ्या जबाबदारीवर चालू केली, कारण माझा निष्काळजीपणा. खाली सही.

साहेबांनी दोनदा वाचलं. पोर माझ्या मुलाच्या वयाचं आहे. चष्मा काढून म्हणाला, "पेडणेकरजी, आज के दिन ये क्यों? फाइल बंद है. आप घर जाइए, आराम कीजिए." मी म्हटलं, खिडकी लावा. तो म्हणाला, "ये खोलूँगा तो आप का क्या होगा, सोचा है?" मी म्हटलं, सोचा है. त्याने कागद घडी करून माझ्याच खिशात ठेवला, वर थोपटलं, आणि आम्ही बाहेर जाऊन ढोकळा खाल्ला. त्याने माझ्यावर भाषण केलं. चाळीस वर्षं निष्कलंक सेवा म्हणाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बलकारने नाही.

मग मी आवक-जावकच्या खिडकीवर गेलो, कागद दिला, शिक्का मारून पोच घेतली. तिथली बाई म्हणाली, "अंकल, आज आखरी दिन है ना? मिठाई?" पोचेवर नंबर आहे. त्या नंबराचं पुढे काय होईल हे मी इतकी वर्षं त्याच ऑफिसात काढल्यामुळे मला नेमकं माहीत आहे. काही होणार नाही. पोलिसांत जा म्हणशील, तर तिथेही जाऊन आलो आज सकाळी. हवालदाराने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, घरात कुणी मोठं आहे का, त्यांना बोलवू.

गुन्हा कबूल करायला गेलो तर लोक पाणी देतात. खोटं लिहिलं तेव्हा एका ओळीत काम झालं होतं.

संध्याकाळी सव्वासहाला रस्त्यापलीकडे उभा राहिलो. आठ लागल्या. मला आत जायला आता पास लागतो.

गुरु


चंदीगड
२२ मार्च २०२६

शशी,

तुझं पत्र काल आलं. पोस्टमनने हातात दिलं तेव्हा अक्षर ओळखलं आणि पायरीवरच बसलो. वंदना घाबरून बाहेर आली. तिला वाटलं, कुणी गेलं.

दहा वेळा वाचलं. पाठ झालंय. तू लिहिलंयस,

'दादा, डबा मी रोज उघडते. जाईला दाखवत नाही एवढंच. फोटोत हे नाहीत, तू आहेस. डावा कोपर. मला काजू काढून द्यायला चढला होतास आणि फांदीसकट पडलास, तो हात पुन्हा सरळ झाला नाही. यांचा हात सरळ होता.

'चार वाजून सात मिनिटांनी फोन मी केला होता. तू कुणीतरी असं लिहिलंस. चौकशीतही माझं नाव घेतलं नाहीस, ते मला तेव्हाच कळलं. का नाही घेतलंस? मी म्हटलं होतं, दादा, सगळे खोळंबलेत, आता लाव ना रे. तू म्हणालास, लावतो. आणि लाइट आली तेव्हा पहिली टाळी मी वाजवली. सगळे मोरया म्हणाले. मीपण म्हटलं. आरतीचं तबक माझ्या हातात होतं.

'तू लाइन लावलीस म्हणून मी बोलत नाही असं तुला वाटतं. तसं नाही. तुझ्याशी बोलले असते तर कधीतरी तू विचारलं असतंस, शशी, तू फोन का केलास? त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. तीन वर्षं शोधतेय. माझ्या एका फोनने माझा नवरा गेला हे मी जाईला कसं सांगू?

'साडेतीनला त्यांनी तुला फोन केला होता म्हणतोस. काय बोलले ते पुन्हा केव्हातरी, असं लिहिलंस. आता सांग. त्यांचं काहीही असू दे, मला हवंय.'

शशी, माझी सगळी पत्रं तू वाचत होतीस. हे मला माहीत असतं तर मी ती लिहिली नसती, आणि तुझं ओझं मला कधी कळलं नसतं. मला वाटायचं, तू मला शिक्षा देतेस. ती मला चालत होती, सवयीची झाली होती. तू तिकडे कुडाळात बसून स्वतःला देत होतीस हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तुझं नाव मी लपवलं ते तुला वाचवायला, असं मी स्वतःला सांगत आलो. त्या लपवण्यानेच तुझी खात्री पटली, की दोष तुझा होता. माझ्या हातून धड काहीच होत नाही गं.

तुला आज लिहिताना दोनदा उठलो. एकदा गॅस बंद आहे का बघायला, एकदा उगाच. आता सांगतो ते मी बलकारला सांगितलं नाही, वंदनेला सांगितलं नाही, त्या एक पानी कागदातही लिहिलं नाही. लाइन चालू करण्यापेक्षा, वहीत खोटं लिहिण्यापेक्षा, मला याची जास्त लाज वाटते. कारण ही चूक फार लहान आहे.

तू फोन केलास कारण सकाळी तुला चार सांगितलं होतं. चार वाजून गेले, तू विचारलंस. कुणीही विचारलं असतं. तुला खरी वेळ माहीत असती तर तू फोन केलाच नसतास, मंडळींना म्हणाली असतीस, बसा, अजून वेळ आहे. ती वेळ तुला कळवायची होती. मला कळवायची होती. साडेतीनला विश्रामचा फोन आला तो त्यासाठी. हॉलमधल्या दंग्यात तुला त्याचा फोन ऐकू गेला नाही म्हणून त्याने मला केला. मी सगळं नीट ऐकलं, 'बरं' म्हटलं. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला, साहेबांचा होता, दुसऱ्या लाइनची भानगड होती. ती निस्तरली, चहा आला, आणि माझ्या डोक्यात सकाळचे चारच राहिले. स्विच लावला त्याच क्षणी मला ते आठवलं. हात अजून स्विचवर होता, शशी. स्विच परत ओढला. पण एकदा लागलेली लाइन लागलेली असते.

टाळी तू वाजवलीस ती बरोबर वाजवलीस. दिवे आले की लोक टाळ्या वाजवतात.

खिडकी अजून काळीच आहे. परवा बलकार आत जाऊन वायर जोडून आला होता, दुसऱ्या दिवशी कुणीतरी काढली. तो पुन्हा जोडणार म्हणतो. मी त्याला नको म्हटलं नाही. तिथे मी उभा असण्यापेक्षा ती काळी बरी, असंही मला कधी कधी वाटतं. जाईला काय सांगायचं ते आता तुला ठरवायला नको. हे पत्र तिला दे. वाचता आलं नाही तर तू वाचून दाखव.

विश्रामचा निरोप माझ्याकडे साडेतीन वर्षं पडून आहे. त्याच्याच शब्दांत देतो, एकही शब्द विसरलेलो नाही. मागे वारा होता आणि तो हसत होता.

"दादानू, साडेचार होतले. शशीक सांगा, वायच थांब म्हणान."

गुरुदादा